कलाशाळा, संग्रहालय आणि कारागिराचा हात

१

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा या सहा तालुक्यांतील शाळांमधून मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसतात. शेतमजुरांची मुले बसतात, तांड्यावरची बसतात, बौद्धवाड्यातलीही बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन हे विषय असतात. चित्रकलेच्या राज्याची वेस खेड्यातल्या मुलापुरती तरी ही परीक्षाच असते.

काही वर्षांपूर्वी या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका बुरुडाच्या मुलाने माझ्यासमोर वस्तुचित्र काढले. पुढ्यात टोपली आणि दोन फळे होती. फळे त्याने कशीबशी उरकली. टोपलीवर मात्र तो रमला. उभ्या कामटीवरून आडवी कामटी एकआड एक कशी जाते, काठाशी ती कशी वळते आणि कुठे दाबली जाते, हे त्याने एकही चूक न करता काढले. छायाप्रकाश मात्र दाखवला नाही. चित्र तपासणाऱ्या गुरुजींनी शेरा मारला की ही वस्तू झालीच नाही, नुसती नक्षी झाली. मुलाने मला हळूच विचारले, "गुरुजी, सावली पाहून टोपलं इनता येते काय?"

त्या मुलाच्या घरात चार पिढ्या टोपली विणली जाते. टोपली म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे. परीक्षेला ते ज्ञान नको आहे. तिला हवी आहे दुरून, एका जागी बसून, एका डोळ्याने पाहिलेली टोपली. एकच वस्तू करणाऱ्याला एक दिसते आणि पाहणाऱ्याला दुसरी. या दोन दृष्टींपैकी एकीला 'कला' म्हणायचे आणि दुसरीला 'काम', हा निवाडा कोणी केला? कधी केला? याचे उत्तर शोधायचे तर कलाशाळा आणि कलासंग्रहालय या जोडसंस्थेचा इतिहास आपल्या बाजूने वाचला पाहिजे. प्रस्थापित कलासमीक्षेने तो प्राचार्यांच्या आणि पदकविजेत्यांच्या बाजूने पुष्कळदा लिहिला आहे. टोपली विणणाऱ्याच्या बाजूने तो क्वचितच लिहिला गेला.

२

ही जोडसंस्था लंडनमध्ये घडली. यंत्रावर निघालेल्या इंग्रजी मालाला फ्रेंच मालासारखा घाट नाही, या व्यापारी चिंतेतून १८३७ साली तेथे सरकारी 'स्कूल ऑफ डिझाइन' निघाले. १८५१ च्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानातील विणकाम, धातुकाम आणि भरतकाम पाहून इंग्रज जाणकार थक्क झाले. त्यातील निवडक वस्तू विकत घेतल्या गेल्या आणि त्यांतून एक संग्रहालय उभे राहिले. १८५७ साली हे संग्रहालय आणि ही शाळा साउथ केन्सिंग्टन येथे एकत्र नांदू लागली. हेन्री कोल हा त्यामागचा कर्ता पुरुष. संग्रहालयात उत्तम वस्तू मांडायच्या, शाळेत त्या पाहून हात तयार करायचा, आणि तो हात कारखान्याला पुरवायचा, अशी ती रचना होती. शाळेचा अभ्यासक्रम तेवीस पायऱ्यांचा होता आणि पहिल्या पायऱ्या छापील आकृत्या गिरवण्याच्या होत्या. पुढे १८९६ मध्ये शाळेला 'रॉयल कॉलेज ऑफ आर्ट' हे नाव मिळाले आणि १८९९ मध्ये संग्रहालयाला व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. ज्या हिंदी वस्तू इंग्रज कामगाराने आदर्श म्हणून पाहाव्यात असे ठरले, त्या वस्तू करणाऱ्या हिंदी हातांना शिकवायचे म्हणून तोच अभ्यासक्रम जहाजात घालून हिंदुस्थानात आणला गेला. वस्तू तिकडे गेली आणि परीक्षा इकडे आली. वस्तूबरोबर तिच्या कर्त्याचे नावही गेले नाही. पेटीवर गावाचे नाव आले, फार तर जातीचे.

१८८६ च्या लंडनच्या वसाहती प्रदर्शनात तर कारागीरच मांडले गेले. प्रेक्षकांपुढे बसून विणणारे, कोरणारे हे 'अस्सल हिंदी कारागीर' बहुतांशी आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले कैदी होते. संग्रहालयाच्या दृष्टीला माणूस आणि वस्तू यांत फारसे अंतर वाटत नव्हते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

३

आता मुंबईकडे वळू. १८५३ साली सर जमशेटजी जीजीभाई यांनी कला आणि उद्योगाच्या शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. चीनशी चाललेल्या अफूच्या आणि कापसाच्या व्यापारातून आलेली ही संपत्ती होती. त्याच १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. ज्या सुबक दगडी इमारतींवर कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी पाने, फुले आणि पशुपक्षी कोरले, त्या इमारतींच्या पायात वऱ्हाडच्या काळ्या मातीतला कापूसही आहे. आमच्या भागातील वेचणाऱ्या बाईची मजुरी त्या नक्षीत आहे, हे कलेतिहासाच्या पुस्तकात लिहिलेले नसते.

२ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शाळेचे वर्ग सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला होता. त्याने सरकारकडे अर्ज केला. एका मुलासाठी बाकीच्यांना दुखवता येत नाही, अशा अर्थाचे कारण देऊन सरकारने तो नाकार कायम ठेवला. कारागिरांच्या मुलांसाठी म्हणून उघडलेल्या कलाशाळेचे दार कोणत्या समाजात उघडले गेले, हे या एका घटनेवरून कळते. दारावर पाटी कोणतीही असो, दारापर्यंत येणारी वाट जातीच्या मालकीची होती.

१८६५ साली जॉन ग्रिफिथ्स आणि जॉन लॉकवुड किपलिंग हे शिक्षक आले. १८६६ पासून सजावटी चित्रकाम, मूर्तिकाम आणि लोखंडी नक्षीकाम असे तीन विभाग चालू लागले. १८७८ मध्ये शाळा स्वतःच्या इमारतीत गेली. १८९१ मध्ये परंपरागत कारागिरांसाठी म्हणून लॉर्ड रे यांच्या नावाने वेगळ्या कार्यशाळा काढाव्या लागल्या. 'काढाव्या लागल्या' हे शब्द मी मुद्दाम वापरतो. ज्यांच्यासाठी शाळा होती ते शाळेत असते, तर चौतीस वर्षांनी त्यांच्यासाठी वेगळे छप्पर घालण्याची वेळ कशाला आली असती? मधल्या काळात शाळा चित्रकारांची झाली होती आणि चित्रकार बहुतांशी पांढरपेशा घरांतून आले होते. त्यांच्या गुणांविषयी माझी तक्रार नाही. म्हात्र्यांनी विद्यार्थिदशेत, १८९६ साली घडवलेली मंदिराकडे निघालेली तरुणी किंवा धुरंधरांची रेषा यांचे मोल कमी करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो एका इमारतीत दोन दारे का झाली, हा. एका दाराने शिरलेला 'आर्टिस्ट' झाला. दुसऱ्या दाराने शिरलेला 'मिस्त्री' राहिला.

बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या न झालेल्या भाषणात दाखवून दिले आहे की, जातिव्यवस्था कामाबरोबर कामकऱ्यालाही बंद कप्प्यांत कोंडते आणि त्या कप्प्यांची उतरंड लावते. कलाशाळेने नेमके हेच केले. डोळा आणि हात यांची फारकत करून डोळ्याला वरचे आसन दिले. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ज्यांचे अन्न वर्ज्य ठरवले त्यांच्या यादीत लोहार आहे, सोनार आहे आणि वेण आहे. वेण म्हणजे बांबू फोडून जगणारा. माझ्यासमोर बसलेला तो मुलगा. मनूने त्याचे अन्न नाकारले आणि साहेबाच्या शाळेने त्याची दृष्टी नाकारली. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती, पण निकाल जुळला.

४

संग्रहालयाची बाजू याहून बोलकी आहे. भायखळ्याचे व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. किपलिंग १८७५ मध्ये लाहोरला गेले आणि तेथे कलाशाळेचे प्राचार्य व संग्रहालयाचे अभिरक्षक अशा दोन्ही खुर्च्यांवर बसले. मुंबईतही विसाव्या शतकाच्या आरंभी असेच झाले. सेसिल बर्न्स हे जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य होते आणि भायखळ्याच्या संग्रहालयाचे अभिरक्षकही होते. म्हणजे दोन संस्था दोन जागी असल्या तरी डोके एक होते.

त्या काळात या संग्रहालयात मातीच्या लहान लहान आकृती मांडल्या गेल्या. इलाख्यातील जातीजमाती, त्यांचे पोशाख, त्यांची पागोटी, त्यांचे धंदे असे सारे वीतभर उंचीच्या माणसांत बसवले गेले. कुंभार चाकाशी, विणकर मागाशी. काम कौशल्याचे आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु पाहता पाहता मनात प्रश्न उभा राहतो की, शाळेच्या वर्गात ज्याला जागा झाली नाही तो काचेच्या पेटीत कसा काय नेमका बसला? वर्गात तो विद्यार्थी म्हणून आला असता तर त्याला नाव लागले असते, हजेरी लागली असती, त्याने उलट प्रश्न विचारला असता. पेटीत आल्यावर त्याला फक्त जात उरली.

हे मोजण्याचे, वर्गीकरणाचे वेड एकटे आले नव्हते. भायखळ्याचे संग्रहालय उघडले त्याच्या आदल्या वर्षी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो शिक्का १९५२ पर्यंत पुसला गेला नाही. एका वहीत माणसाची नोंद संशयित म्हणून झाली, दुसरीत नमुना म्हणून. दोन्ही वह्यांत त्याला स्वतःबद्दल बोलण्याची परवानगी नव्हती.

नागपूरच्या १८६३ मधील मध्यवर्ती संग्रहालयाला आमच्याकडे लोक 'अजबबंगला' म्हणतात. लोकांनी दिलेले नाव बरोबर आहे. आपल्याच घरातले सूप, आपलेच जाते, आपल्याच आजीची पाटली काचेआड ठेवली की ती अजब होते. ती आपली राहत नाही.

५

या इतिहासाशी वाशीमचा संबंध कापसापुरता नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. याच शाखेतील हरिषेण याच्या कारकिर्दीत, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची उत्तम लेणी कोरली आणि रंगवली गेली. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने ते भिक्षुसंघाला अर्पण केल्याची नोंद आहे. राजांची वंशावळ आहे, मंत्र्याचे गुणवर्णन आहे. ज्यांनी पद्मपाणीच्या भुवया रेखल्या, ज्यांनी जातककथांतील हत्ती, हरणे, दासी आणि भिकारी एकाच करुणेने रंगवले, त्यांचे नाव कोठेही नाही. तथागताच्या धम्मात जातीला स्थान नव्हते. दगडावर नाव कोरण्याची ऐपत मात्र दात्याचीच होती.

१८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. भिंतीवरील चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती कापडावर झाल्या. पेस्तनजी बमनजी हे त्यांपैकी पुढे नावारूपाला आलेले विद्यार्थी. हिंदी विद्यार्थ्यापुढे अजिंठ्याहून चांगले नमुने ठेवता येणार नाहीत, असे ग्रिफिथ्सचे मत होते आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण चित्रे नीट दिसावीत म्हणून भिंतींवर वार्निश चढवले गेले. पुढे ते पिवळे पडले आणि मूळ रंग त्याखाली गेले. प्रतिकृती लंडनला, त्याच साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पोचल्या. १८८५ मध्ये तेथे आग लागली आणि त्यांतील पुष्कळशा जळाल्या. याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्सचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले.

आता ही साखळी डोळ्यांपुढे आणा. वत्सगुल्माच्या राजवटीतील अनाम चित्रकारांनी भिंती रंगवल्या. मुंबईच्या कलाशाळेने त्या उतरवल्या. लंडनच्या संग्रहालयाने त्या नेल्या, काही जाळून घेतल्या, काही जपल्या. आणि त्या बदल्यात त्याच वत्सगुल्मातल्या शाळेत काय आले? श्रेणी परीक्षा. १८७९ पासून मुंबई इलाख्यातील शाळांत चित्रकलेचे शिक्षण शिरले. इंग्रजी धर्तीच्या या परीक्षा आज १९६५ साली स्थापन झालेल्या कला संचालनालयामार्फत चालतात. ज्या मातीतून अजिंठा उभा राहिला तेथले पोर आज कागदावर सावली कमी पडली म्हणून खालच्या श्रेणीत जाते.

अजिंठ्याच्या चित्रांना कलाशाळेने मुख्यतः सजावट म्हणून पाहिले. वेलबुट्टी उतरवली, छतावरची कमळे उतरवली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर त्या भिंतींकडे पाहणारा एक नवा प्रेक्षकवर्ग निर्माण झाला आहे. वर्धा, वाशीम, नांदेडहून एसटीने येणारा तो बौद्ध शेतमजूर लेण्यात शिरताना चप्पल काढतो आणि हात जोडतो. त्याला वेलबुट्टी दिसत नाही, त्याला आपला गमावलेला वारसा दिसतो. त्याच्या पाहण्याला कलासमीक्षेत आजही नाव नाही.

६

इतके बोलल्यावर स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपल्या चळवळीने शब्दाला जेवढे मानले तेवढे रेषेला मानले काय? कविता, आत्मकथन, जलसा, शाहिरी यांची समीक्षा झाली, चर्चासत्रे झाली. जयंतीचे फलक रंगवणारा, विहारातील मूर्ती घडवणारा, निळ्या कमानी उभारणारा पेंटर मात्र आपल्याही लेखी मजूरच राहिला. गावोगावी बाबासाहेबांचे पुतळे उभे आहेत. अनावरण करणाऱ्या पुढाऱ्याचे नाव चौथऱ्यावर ठळक असते. मूर्तिकाराचे नाव किती चौथऱ्यांवर आहे? वराहदेवाचा शिलालेख आणि आपली कोनशिला यांत मग फरक काय राहिला?

नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस छापचित्रांत आणि कॅनव्हासवर आणला. कलाशिक्षण घेऊन, त्या शिक्षणाची भाषा अंगी बाणवून, त्याच भाषेत त्यांनी तिचा निषेध केला. ही घटना आपल्या साहित्यातील आत्मकथनांइतकीच महत्त्वाची होती. आपल्या नियतकालिकांनी तिची दखल त्या मानाने घेतली नाही, हे प्रांजळपणे कबूल करावे लागेल. दुसरीकडे कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांचे उदाहरण आहे. मिस्त्री घराण्यातला हा माणूस कलाशाळेत न जाता घरच्या हत्यारांवर चित्रकार झाला, मूर्तिकार झाला आणि मराठी चित्रपटाचा एक जनक झाला. हात आणि डोळा एकत्र राहिले तर काय होते, हे त्यांनी दाखवले.

म्हणून कलाशाळा नकोत, संग्रहालये जाळा, असे मी म्हणत नाही. आपला नकार जोडसंस्थेच्या कल्पनेला नाही. वस्तू आणि शिकणे एका छपराखाली यावे ही कल्पना मुळात चांगली आहे. तिच्यात कारागिराला जी जागा दिली गेली त्या जागेला आपला नकार आहे.

७

हा प्रश्न आज जुना झालेला नाही. २०२३ साली जे. जे.च्या संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दर्जा वाढला की शुल्क, प्रवेश आणि राखीव जागा यांचे काय होते, हे विद्यार्थी संघटनांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. एका शतकापूर्वी कारागिराची वाट जातीने अडवली होती. आता ती पैशाने अडवली जाऊ नये.

आणि आपल्या वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे, नंगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत बंजारा विरासत संग्रहालय उभे राहिले आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ज्या विमुक्त समाजाला एकेकाळी पोलिसांच्या वहीत हजेरी द्यावी लागे, त्याच्या इतिहासासाठी एवढी वास्तू होते याचे स्वागत केले पाहिजे. मात्र या वास्तूची खरी परीक्षा तिच्या शेजारी शाळा निघते की नाही, आणि त्या शाळेत शिकवायला कोण बसते, यात आहे.

बंजारा स्त्रीच्या कशिद्यात आरसे आहेत, कवड्या आहेत, टाक्यांचे कितीतरी प्रकार आहेत. ते टाके तिला आईने शिकवले, आईला आजीने. ती निरक्षर असेल, तरी भूमितीत ती पक्की आहे. कागदावर एक रेघ न मारता ती चौकोनात चौकोन बसवते. तिची फेटिया आणि कांचळी पेटीत ठेवून तिच्या नातीला ग्रेड परीक्षेच्या संकल्पचित्राला बसवायचे, आणि तेथे 'पारंपरिक नक्षी काढा' म्हणून छापील नमुना पुढे ठेवायचा, हा भायखळ्याचाच प्रयोग पोहरादेवीला होईल. त्याऐवजी तीच बाई मानधनावर, नावानिशी, शिक्षिकेच्या खुर्चीवर बसली पाहिजे. तिच्याकडे पदविका नाही हे कारण चालणार नाही. अजिंठ्याच्या चित्रकाराकडेही नव्हती.

मागण्या साध्या आहेत. संग्रहालयातील प्रत्येक वस्तूखाली, जेथे कळू शकेल तेथे, करणाऱ्याचे नाव लिहावे. जिल्ह्यातील बुरूड, कुंभार, मातंग, ढोर, चांभार, बंजारा कारागिरांना शाळांतून कलाशिक्षक म्हणून तासिका द्याव्यात. ग्रेड परीक्षेत वस्तू पाहून काढण्याबरोबर वस्तू करून दाखवण्याचीही एक उत्तरपत्रिका असावी. ज्या दिवशी परीक्षकाला टोपलीची वीण वाचता येईल, त्या दिवशी ही परीक्षा दोन्ही बाजूंनी घेतली जाईल.

तो बुरुडाचा मुलगा पुढे चित्रकलेला बसला नाही. गेल्या उन्हाळ्यात बाजारात भेटला. वडिलांच्या शेजारी बसून सुपे विकत होता. मी एक सूप घेतले. काठाची वीण पाहिली आणि त्याला म्हटले, तुझी वीण मला शिकव. तो हसला. पण दुसऱ्या दिवशी कामट्या घेऊन शाळेत आला. माझ्या वर्गातल्या अठ्ठावीस मुलांनी त्या दिवशी त्याला गुरुजी म्हटले.